सातव्या कोनाड्यातला संत

भातसानगरच्या धरण कॉलनीत आम्ही ख्रिस्ती कुटुंबं सगळी मिळून अकरा. महिन्यातून एका रविवारी फादर कल्याणहून मोटरसायकलवर यायचे आणि कॉलनीच्या क्लबात कॅरमबोर्ड उचलून भिंतीला टेकवला की त्याच टेबलावर मिस्सा व्हायची. टेबलाला कायम पावडरचा वास. प्रार्थनेत डोळे मिटले की मला सोंगट्या दिसायच्या. अशी सोळा वर्षं काढल्यावर माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय होईल?

माझं तर तसंही लवकर फिरतं. मी पास्कल, वर्कशॉपमधला फिटर, मूळचा वसईकडचा. आमच्याकडे ख्रिस्ती माणूस चर्चला देऊळच म्हणतो, आणि आमच्या गावच्या देवळातली वेदी ज्यानं लहानपणापासून बघितली त्याला कॅरमचं टेबल गोड कसं लागावं? जमिनीपासून छतापर्यंत नुसतं सोनं. पिळाचे खांब, खांबांवर चढलेले द्राक्षांचे वेल, शिंपल्याच्या आकाराच्या कमानी, कमानींखाली कोनाडे, कोनाड्यांत संत, आणि सगळ्यांच्या वर ढगांतून डोकावणारे गुबगुबीत देवदूत. बोटभर जागा रिकामी सोडलेली नाही. पोर्तुगीजांच्या काळातलं काम. फादर त्या शैलीला 'बरोक' म्हणायचे. मी त्याला देऊळ म्हणायचो. बाकीच्या सगळ्या माझ्या मते खोल्या.

१९९६ साली धरणाच्या ऑफिसनं एक जुनं सिमेंटचं गोदाम आम्हाला प्रार्थनेसाठी वापरायला दिलं. फादर म्हणाले, "एक क्रूस लावू, एक टेबल ठेवू, भिंतींना चुना मारू. झालं." तेवढ्यात पुढच्या बाकावरचे हेडक्लार्क फर्नांडिस साहेब उठले आणि त्यांनी मुंबईहून प्लास्टरचे तयार संत मागवायचा प्रस्ताव मांडला. खिशातून रंगीत कॅटलॉगही काढला. मी मागच्या बाकावरून उभा राहिलो आणि म्हणालो, "फादर, वेदी मी करून देतो. आमच्या गावच्यासारखी." फर्नांडिस साहेबांनी मान वळवून माझ्याकडे असं काही बघितलं की मी आणखी म्हणालो, "जानेवारीतल्या फेस्ताच्या आत."

फेस्त म्हणजे आमचा वर्षाचा सण. घरी आल्यावर माझी बायको रेजीन एवढंच म्हणाली, "तुम्हाला मोरीतल्या नळाला वायसर बसवायला तीन महिने लागले होते."

बाहेरचं काम माझ्या हातचं होतं. गोदामाला तोंड असं नव्हतंच. सिमेंटच्या पत्र्याचा त्रिकोण आणि त्याखाली लोखंडी दार. मी भंगारातली डांबराची पिंपं कापली, पत्रा सरळ केला, गॅसकटरनं दोन मोठी वेटोळी काढून छपराच्या दोन अंगांना उभी केली आणि मध्ये कमान चढवली. पिवळा रंग मारल्यावर समोरून बघणाऱ्याला वाटावं, तीनशे वर्षांचं देऊळ. बाजूनं बघणाऱ्याला मात्र गोदामानं मुखवटा लावलाय हे लगेच कळायचं. म्हणून मी सगळ्यांना समोरूनच यायला सांगत असे. घंटेसाठी ऑक्सिजनचं रिकामं सिलिंडर बुडाकडून कापून टांगलं. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा कॉलनीतली कुत्री धरणाच्या भिंतीपर्यंत पळाली.

पण आतल्या वेदीचं काय? संत काही गॅसकटरनं निघत नाहीत. तेव्हा वर्कशॉपमधल्या एका मजुरानं जैतूबाबाचं नाव सांगितलं.

धरणाच्या वरच्या अंगाला ठाकरांचा एक पाडा आहे, तिथं जैतूबाबा आणि त्याची म्हातारी ठकी राहायची. जैतूबाबा बोहाड्याची सोंगं करायचा. बोहाडा म्हणजे देवांचे आणि राक्षसांचे मोठाले मुखवटे चढवून सांबळ-पिपाणीच्या तालावर नाचायचा गावाचा उत्सव, आणि त्या मुखवट्यांना म्हणायचं सोंगं. कागदाचा लगदा, मेथीचं पीठ, चिंचोक्यांची खळ, वर रंग आणि बेगड. त्याच्या माळ्यावर वीस-बावीस सोंगं टांगलेली होती. सगळी धुरानं काळवंडलेली. त्याचा जुना पाडा धरणाच्या पाण्याखाली गेला तेव्हापासून बोहाडा मोडला होता. जैतूबाबाचं धरून सहा घरं होती, ती पांगली. कोणी धसईला, कोणी मुरबाडला, कोणी आणखी कुठं. सोंगं जैतूबाबाकडे राहिली आणि नाचणारे निघून गेले.

मी त्याच्यापुढे माझ्या लग्नाचा फोटो ठेवला. गावच्या वेदीचा माझ्याकडे तेवढाच पुरावा होता. १९७९ सालचा काळा-पांढरा फोटो. मध्ये मी आणि रेजीन, एका बाजूला माझे मामा, आणि मागे वेदी जेवढी आमच्यातून उरली तेवढी. मधला क्रूस रेजीनच्या डोक्यामागे गेलेला, तो फादर आणणारच होते. संत डावीकडे तीन दिसत होते, उजवीकडे तीन. उजवीकडच्या एका कोनाड्यापुढे मामा उभे होते. मामांचा देह असा, की त्यामागे एक काय दोन संत मावले असते.

जैतूबाबानं फोटो उजेडात धरला, लांब धरला, ठकीला दाखवला. मग विचारलं, "फिटरभाव, ही सोंगं कोनाकोनाच्या घरची?"

"सोंगं नाहीत, संत आहेत. घरं नसतात त्यांना."

"घर नाय तं आत कोन उभा ऱ्हानार?"

"आत कोणी उभं राहत नाही, बाबा. नुसतं बघायचं असतं."

"आमच्यात परत्येक सोंगाला घर असतो," जैतूबाबा शांतपणे म्हणाला. "त्या घरच्या मानसाच्या तोंडाचा माप घेतल्याबिगर मला तोंड करता येत नाय. हात चालत नाय."

मला शिफ्टला जायचं होतं. "घ्या मग कोणाचंही! तुमच्या त्या सहा घरांचं घ्या!"

हे बोलताना मी काय देऊन बसलो ते मला तेव्हा कळलं नाही. जैतूबाबाचा चेहरा मात्र एकदम उजळला. त्यानं ठकीकडे बघितलं आणि ठकीनं लागलीच चुलीतली लाकडं पुढं सारून लगद्याचं मडकं वर ठेवलं.

पंधरा दिवस तो गायब. दोऱ्याचं रीळ घेऊन एस.टी.नं आधी मुरबाडला, तिथून धसईला, मिळतील त्या जीपनं आणखी कुठं कुठं जाऊन बाकीच्या पाचही घरच्या माणसांच्या तोंडांची मापं घेऊन आला. प्रत्येक दोऱ्याला वेगळ्या गाठी. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, "घरं सहा झाली. मानसाच्या मागं लपलाय त्यो सातवा. त्याला घर नाय."

"त्याचा एवढा काय विचार करताय?"

"तोंड कोनाचा करू?"

मी लेथवर होतो. हातात तेल, मागून सुपरवायझर ओरडतोय. मी म्हणालो, "माझं करा आणि मोकळे व्हा!"

त्यानं फेट्यातून दोरा काढला आणि लेथ चालू असताना माझं कपाळ ते हनुवटी, या कानापासून त्या कानापर्यंत, डोळ्यापासून डोळ्यापर्यंत माप घेतलं. गाठ मारताना ओठांत काहीतरी पुटपुटला. वर्कशॉपमधले लोक आठवडाभर मला विचारत होते, "काय पास्कूशेठ, टोपी शिवतोयस काय?"

सातवा संत नेमका कोण, हे मला खरंच आठवत नव्हतं. लग्न होऊन इकडं येईपर्यंत त्या वेदीपुढे गुडघे टेकलेला माणूस मी, आणि मामांच्या मागे कोण होता ते सांगता येईना. रेजीनला विचारलं तर ती म्हणाली, "लग्नात माझं लक्ष तुमच्या मामांकडे होतं. मला वाटत होतं, वेदी त्यांच्या अंगावर पडेल की ते वेदीवर." शेवटी मी गावी भावाला पत्र टाकलं.

वेदी चढू लागली तशी कॉलनीतली माणसं रोज संध्याकाळी बघायला यायला लागली. पिळाच्या खांबांसाठी मी स्टोअरमधले मोडीत काढलेले पाइप दिले. ठकीनं पेंढ्याच्या जाड वेण्या वळल्या, पाइपांवर खालून वर पिळत नेल्या, त्यावर माती आणि लगदा. असा पीळ वसईच्या सुतारानंही काढला नसेल. द्राक्षांचे वेल फोटोत धुरकट होते आणि जैतूबाबानं द्राक्ष कधी वेलीवर बघितलं नव्हतं. त्यानं करवंदाची जाळी चढवली, काट्यांसकट. कमानींमधले शिंपले बघून म्हणाला, "हा तं सूप." आणि प्रत्येक संताच्या डोक्यावर पाखडायचं सूप उपडं धरलेलं दिसू लागलं. सोनेरी रंगाचे दोन डबे पहिल्या खांबातच संपले. उरलेलं सोनं म्हणजे हळद आणि बेगड.

देवदूतांचे गाल फुगलेले, म्हणजे ते पिपाणी वाजवतायत, असं त्यानं ठरवलं आणि चौघांच्याही हाती पिपाण्या दिल्या. फादरांनी नंतर बघून सांगितलं की देवदूत कर्णे वाजवतात हे बायबलातच आहे, तेव्हा इतकं चुकलेलं नाही. एका देवदूताला मात्र डावीकडे माणसाचा मोठा थोरला कान होता. तो मामांचा. फोटोत तो देवदूताला चिकटून आला होता आणि जैतूबाबानं फोटोत होतं तसं केलं.

संतांचं काय सांगू? संत पेत्राच्या हातात स्वर्गाच्या किल्ल्या असतात. जैतूबाबा म्हणाला, "ह्यो धरनाच्या गेटचा चावीवाला." मग स्वतःच म्हणाला, "ह्याला मी माझ्या घरी घेतो. कधीतरी पानी सोडील." मी हसलो. तो हसला नाही म्हटल्यावर मीही थांबलो. संत सेबॅस्त्यावाच्या अंगात बाण रुतलेले असतात, हुतात्मा झाला तो. जैतूबाबानं बराच वेळ विचार केला आणि निकाल दिला, "एवढे बान लागून पन हुभा हाय. म्हंजी हा लय मोठा शिकारी." आणि त्याच्या हाती भलंमोठं धनुष्य दिलं, नेम थेट पुढच्या बाकावर. गाल गुलाबी, मिशा पिळदार, भुवया कोयत्यासारख्या. माझ्या गावच्या संतांपैकी एकही असा नव्हता. पण दारातून आत शिरलं की सातही जण एकदम अंगावर यायचे, आणि लहानपणी आईचं बोट धरून देवळात शिरताना जसा थबकायचो तसाच मी दारात थबकायचो. ते खरं तर मला कबूल करायचं नव्हतं.

दोन गोष्टी मला तेव्हाच खटकायला हव्या होत्या. एक म्हणजे जैतूबाबानं वेदी मागच्या भिंतीपासून हातभर नाही, चांगली तीन हात पुढं घेतली आणि मागं बांबूचा माळा बांधला. मला वाटलं साफसफाईसाठी. दुसरी म्हणजे संतांची डोकी पोकळ होती आणि डोळ्यांच्या जागी आरपार भोकं.

भोकं डिसेंबरच्या मिस्सेला फादरांना दिसली. बराच वेळ ते संत पेत्राच्या डोळ्यांतून पलीकडची भिंत बघत उभे राहिले. "पास्कल, ह्यांना डोळे का नाहीत?"

"उंदीर शिरतील," फर्नांडिस साहेब म्हणाले.

फादर भला माणूस, पण घाबरला होता. फेस्ताला वेदीला आशीर्वाद द्यायला खुद्द बिशपांच्या वतीनं मोठे फादर येणार होते, वयानं सत्तरीचे आणि शिस्तीला कडक. फादरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मिशा मी सांभाळून घेईन. पण भोकं तेवढी बुजव. मोठ्या फादरांना पसंत पडलं नाही तर वेदी उतरवावी लागेल आणि फर्नांडिसांचे प्लास्टरचे संत बसतील." फर्नांडिस साहेबांनी त्याच दिवशी पुट्टीचा डबा माझ्या घरी पाठवून दिला. एवढी तत्परता त्यांनी माझ्या रजेच्या अर्जाला कधी दाखवली नव्हती.

डबा घेऊन मी पाड्यावर गेलो. जैतूबाबा अंगणात बसला होता. मी सगळं सांगितलं. त्यानं डब्याचं झाकण उघडलं, बोटभर पुट्टी घेतली आणि धुळीला पुसली.

"सोंग जुना झाला, फाटला, का आमी त्याला नदीवर नेतो," तो म्हणाला. "डोळ्यांत माती भरतो आन् पान्यात सोडतो. डोळे बुजवले का सोंग मेला. तुमी सात जनांना एकदम मारायला निघालाव, फिटरभाव."

"अहो, नुसती पुट्टी आहे."

"आमचा पाडा बुडाला तवा डोळे मिटायला पन कोनी थांबला नाय," ठकी आतून म्हणाली. "आता एवढ्या वरसांनी सहा घरांची तोंडं एका भितीला लागली. तीपन बुजवा."

"बुजवायचं तं बुजवा," जैतूबाबा म्हणाला. "पन मी हात लावनार नाय. आन् बाकीच्या पाचई घरांना मी सांगावा धाडलाय. त्ये येनार फेस्ताला. त्यांना काय सांगू त्येवढा सांगा."

 मी डबा उचलून घरी आणला आणि पलंगाखाली सारला. मी तापट आहे, पण एवढा वाईट नाही. रेजीन म्हणाली, "मग आता?" मी तिच्यावर ओरडलो, कारण मला माहीत नव्हतं. वेदी उतरवली तर माझी फजिती होणार होती, तिचं मला तेवढं नव्हतं. फर्नांडिस साहेब आहेतच कायमचे. पण त्या म्हाताऱ्याची सोंगं माळ्यावर काळी पडत होती, आणि आता कुठं ती सात तोंडं उजेडात आली होती, ती माझ्या हातून मरणार, हे मला सोसवेना.

त्यातच फेस्ताच्या दोन दिवस आधी गावाहून भावाचं पत्र आलं. ख्यालीखुशालीनंतर शेवटी एक ओळ होती: 'तू विचारलंस त्या उजवीकडच्या जागी संत वगैरे कोणी नाही. तिथं फुलदाणी आहे.'

मी पत्र घडी करून लग्नाच्या कोटाच्या खिशात ठेवलं आणि रेजीनशिवाय कोणाला सांगितलं नाही. ती मात्र तासभर हसत होती.

फेस्ताचा रविवार. सकाळची थंडी, नवा चुना, माझ्या अंगात लग्नाचा तोच कोट, आता श्वास सोडायला बंदी करणारा. मोठ्या फादरांना हार घालायचा मान मला मिळाला होता. वेदी करणारा म्हणून. मुरबाडहून फोटोग्राफर बोलावला होता. मी दारात झेंडूचा हार घेऊन उभा, शेजारी फर्नांडिस साहेब रिकाम्या हातांनी. इतका चांगला दिवस माझ्या आयुष्यात फार वेळा आला नाही.

मोठ्या फादरांची गाडी वळणावर दिसली आणि त्याच वेळी बाजूच्या रस्त्यानं दोन जीपगाड्या धुरळा उडवत आल्या. त्यांतून माणसं उतरली, बायका उतरल्या, नारळ उतरले, एक सांबळही उतरलं. ठकीनं धावत जाऊन एका बाईला मिठी मारली आणि दोघी मोठ्यानं रडायलाच लागल्या. पुरुष मात्र कोणाशी न बोलता गोदामाच्या मागच्या दारानं एकामागोमाग आत शिरले.

जैतूबाबा माझ्याजवळ आला. धुतलेलं धोतर, नवा फेटा. "फिटरभाव, चला."

"कुठं?"

"आत. पयल्या दिशी सोंग रिकामा नाय ठेवायचा. घरचा मानूस आत पायजे. मला धरून सहा जन झाले. सातवा घर तुमचा हाय."

"अहो, मला हार घालायचाय!"

"त्यो कोनीपन घालील," जैतूबाबा म्हणाला. "सोंगात तुमीच पायजे. माप तुमचा हाय."

गाडी थांबली. दार उघडलं. फोटोग्राफरनं कॅमेरा डोळ्याला लावला. मी जैतूबाबाकडे बघितलं. विनवणी वगैरे काही नव्हती त्याच्या तोंडावर. नुसता थांबला होता. वीस वर्षं थांबलेल्या माणसाला आणखी अर्धा मिनिट जड नव्हतं. मी हार फर्नांडिस साहेबांच्या हातात कोंबला. आजही ते आठवलं की माझ्या पोटात दुखतं.

वेदीच्या मागं अंधार, पेंढ्याचा आणि खळीचा वास. जैतूबाबा धरून खाली चौघं उभे होते, वर बांबूच्या माळ्यावर दोघे. मी कोटासकट माळ्यावर चढलो, बांबू करकरला, बाजूच्या धसईच्या नवसूनं मला दंडाला धरून सावरलं. तो संत सेबॅस्त्यावाच्या आत होता. मी माझ्या पोकळ डोक्यात तोंड घातलं. कपाळ कपाळाला लागलं, हनुवटी हनुवटीला. डोळ्यांसमोर बरोबर दोन भोकं, ना केसभर वर ना केसभर खाली. त्यातून सगळं देऊळ दिसत होतं. बाकांवरची माणसं, फुलं, मेणबत्त्या, आणि दुसऱ्या रांगेत मान वळवून दाराकडे मला शोधणारी रेजीन.

मोठे फादर वेदीसमोर आले. वाळका उंच माणूस, जाड काचांचा चष्मा. त्यांनी सगळी वेदी खालपासून वरपर्यंत बघितली. करवंदांपाशी थांबले. मामांच्या कानापाशी जास्त थांबले. मग त्यांनी पवित्र पाणी घेतलं आणि संत पेत्रावर शिंपडलं. संत पेत्रानं डोळे मिचकावले.

मोठ्या फादरांचा हात हवेत राहिला. ते एक पाऊल पुढं गेले, चष्मा वर केला आणि बघत राहिले. पेत्राच्या आतून जैतूबाबाही त्यांच्याकडे बघत राहिला. आमचे फादर पांढरे पडले. मग मोठ्या फादरांनी मान वर केली आणि सातही तोंडांवरून नजर फिरवली. चौदा डोळे त्यांच्याबरोबर इकडून तिकडे फिरले. बाकांवर कोणीतरी "येशू!" म्हणालं.  मोठ्या फादरांनी धूपदान मागून घेतलं आणि सावकाश हलवायला लागले.

धूर थेट वर आला. मी नाक आवळलं, प्रार्थना म्हटली, फर्नांडिस साहेबांना मनात शिव्या दिल्या. काही उपयोग झाला नाही. मी शिंकलो. घट्ट कोटातली शिंक ती, साठवलेली. माळा हादरला, नवसूचा तोल गेला, संत सेबॅस्त्यावाच्या हातातलं धनुष्य सुटलं आणि पुढच्या बाकावर फर्नांडिस साहेबांच्या मांडीवर जाऊन पडलं.



"देव तुझं भलं करो," मोठे फादर माझ्याकडे बघून म्हणाले. कोणीही शिंकल्यावर म्हणतात तसं. मग वेदीला वळसा घालून ते मागे आले.

आम्ही सात जण रांगेत उभे. सहा ठाकर आणि कोटातला एक फिटर. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. जैतूबाबानं त्यांना सांगितलं. जसं मला सांगितलं होतं तसंच, तेवढ्याच शब्दांत. घर, माप, रिकामं सोंग. मग तो म्हणाला, "डोळे तुमी बुजवनार हाय, असा ऐकला. म्हून आज येकदा बघून घेतला."

मोठ्या फादरांनी पेत्राच्या पोकळ डोक्यात डोकावून बघितलं. नंतर माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही कुठले संत?"

खोटं बोलायची ही जागा नव्हती. "फादर, मूळ देवळात इथं फुलदाणी आहे."

त्यांचा चेहरा आधी हलला नाही. मग हनुवटी हलली, मग खांदे, आणि मग तो कडक म्हातारा बांबूला धरून असा हसायला लागला की आमचे फादर धावत आत आले. त्यांच्या मागोमाग फर्नांडिस साहेब, बगलेत धनुष्य. "फादर, माफ करा, मी आजच्या आज भोकं बुजवून घेतो. पुट्टी ह्यांच्या घरी तयार आहे."

मोठ्या फादरांनी चष्मा पुसला. "पुट्टी आहे ना? मग त्या दाराच्या फटी बुजवा. पाठीत वारा लागतो," ते म्हणाले. "ह्या लोकांना बघू द्या. आणि ते धनुष्य परत द्या त्यांचं."

दुपारी आमच्या अंगणात पंगत बसली. आमचं आंबट-तिखट मटणाचं इंदेल आणि त्यांची तांदळाची भाकरी. सहा घरं धरण झाल्यापासून पहिल्यांदा एका पंगतीला बसली होती. जेवण होऊन तास झाला तरी कोणी उठेना. कोण कुठल्या झाडाखाली राहत होतं, कुणाची विहीर कुठं होती, सगळं पाण्याखालचं गाव त्यांनी बोटानं माझ्या अंगणातल्या धुळीत काढलं. जैतूबाबा खरकट्या हातानं ऐकत बसला होता. मी त्याला पाणी द्यायला गेलो आणि मला काही बोलवलं नाही, म्हणून मी रेजीनवर ओरडलो.

त्यानंतर दर फेस्ताला सहा घरं यायची. जैतूबाबा २००२ साली गेला. पेत्राच्या आत आता त्याचा पुतण्या कोंडू उभा राहतो, जरा उंच आहे, वाकावं लागतं. मी निवृत्त होऊन वसईला परतलो. रोज आमच्या सोन्याच्या वेदीपुढे गुडघे टेकतो. उजवीकडे फुलदाणी आहे. पण जानेवारी आला की पेटीतून कोट बाहेर काढतो आणि भातसानगरला जातो, कारण सोंग रिकामं ठेवायचं नसतं.

आमच्या ओटीवर दोन फोटो लावलेत. एक लग्नाचा. दुसरा त्या फेस्ताचा, मुरबाडच्या फोटोग्राफरनं वेदीपुढं हार घालायच्या वेळी काढलेला. त्यात वेदी पूर्ण आली आहे. मोठे फादर आहेत, आमचे फादर आहेत, आणि हार हातात घेऊन बरोबर मधोमध फर्नांडिस साहेब आहेत. पाहुणे हटकून विचारतात, "एवढी वेदी केलीत आणि फोटोत तुम्हीच नाही?" मी काही बोलायच्या आत रेजीन उठते, काचेवर बोट ठेवते आणि सांगते, "आहेत की. हे काय, वरच्या रांगेत उजवीकडचे. नीट डोळ्यांत बघा, शिंक दाबून धरलीय."